अ‍ॅलन ट्युरिंग : संगणकाला बुद्धिबळ शिकवणारा माणूस



मागच्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने मला अडचणीत आणलं. घरी वडिलांच्या मोबाइलवर तो बुद्धिबळ खेळतो आणि रोज हरतो. त्याने विचारलं की मोबाइलला चाल कशी सुचते? त्याच्या आत कोणी बसलंय का? मी सांगितलं, तो संगणक असतो, त्याला सगळं येतं. मुलगा गप्प बसला, पण त्याचं समाधान झालं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. डी.एड.ला असताना संगणकाचे भाग पाठ केले होते, पण यंत्राला चाल कशी सुचते हे काही कोणी शिकवलं नव्हतं.

मग शोधायला बसले. आधी १९९७ सालचा सामना सापडला. जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू नावाच्या संगणकाशी सहा डाव खेळला आणि साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरला. आपल्यापैकी अनेकांना त्या वेळच्या पेपरातल्या बातम्या आठवत असतील. पण या गोष्टीचं टोक पकडून मागे मागे गेलं की आपण अशा एका माणसापाशी पोहोचतो, ज्याने संगणक नीट तयार होण्याआधीच त्याला बुद्धिबळ शिकवायला घेतलं. गंमत म्हणजे हा माणूस स्वतः बुद्धिबळात यथातथाच होता. त्याचं नाव अ‍ॅलन ट्युरिंग. आज त्याचीच गोष्ट सांगते.

वहीवर शेरे असलेला मुलगा

अ‍ॅलनचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनचा. पण घराचं नातं आपल्या देशाशी होतं. वडील ज्यूलियस हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी. आई एथेल सारा हिचा जन्मच मुळी कोइमतूरजवळच्या पोदनूरचा, कारण तिचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता होते. त्या काळी इंग्रज अधिकारी मुलांना हिंदुस्थानातल्या हवेत ठेवायला घाबरत. म्हणून अ‍ॅलन आणि त्याचा मोठा भाऊ जॉन या दोघांना इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवलं. आईवडील समुद्रापार आणि मुलं परक्या घरी. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलं आजीजवळ राहून शाळेत येतात, ती आपण पाहतो. कारणं वेगळी, पैसा वेगळा, पण संध्याकाळी दाराकडे बघणारं पोर तेच.

अ‍ॅलन वाचायला स्वतःच शिकला, तेही सुमारे तीन आठवड्यांत. आकड्यांचं त्याला वेड. पण डावा हात कोणता नि उजवा कोणता हे लक्षात राहीना, म्हणून त्याने डाव्या अंगठ्यावर लाल ठिपका काढून ठेवला होता. मला हा ठिपका फार आवडतो. स्वतःची अडचण ओळखून त्यावर स्वतःच खूण शोधून काढणारं मूल आपल्या वर्गात असेल, तर आपल्याला ते ओळखू येईल का?

पुढे शेरबोर्न नावाच्या निवासी शाळेत नाव घातलं. मे १९२६. शाळेचा पहिला दिवस आणि नेमका इंग्लंडभर सार्वत्रिक संप. रेल्वे बंद. तेरा वर्षांचा अ‍ॅलन फ्रान्सहून बोटीने साउथॅम्प्टनला उतरला होता. शाळा तिथून साठ मैल, म्हणजे जवळपास शंभर किलोमीटर. पोरगं सायकलवर बसलं, वाटेत एका खाणावळीत रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. याची बातमी तिथल्या स्थानिक पेपरात आली.

एवढ्या जिद्दीने आलेल्या मुलाचं शाळेने काय केलं? त्याचं अक्षर वाईट, वही शाईने बरबटलेली. इंग्रजीत आणि लॅटिनमध्ये मागे. गणितात पुस्तकातल्या रीतीने न जाता भलत्याच वाटेने उत्तर काढायचा, आणि पायऱ्या लिहायचा कंटाळा. शिक्षकांचे शेरे प्रगतिपुस्तकातून घरी जात राहिले. मुख्याध्यापकांना तर काळजी वाटत होती की याला नुसतं विज्ञानच करायचं असेल, तर अशा शाळेत तो आपला वेळ फुकट घालवतोय.

इथे मी थांबले, कारण मला मोबाइलबद्दल विचारणाऱ्या त्या मुलाची वही आठवली. त्यावर मी स्वतः लाल शाईने अक्षर सुधार असं किती वेळा लिहिलंय याची मोजदाद नाही. त्या वहीतली गणितं बरोबर होती का, हे किती वेळा पाहिलं, तेही आठवेना.

शेरबोर्नमध्ये अ‍ॅलनला एक मित्र भेटला, ख्रिस्तोफर मॉरकॉम. त्याच्यापेक्षा एका इयत्तेने पुढचा, विज्ञानात हुशार, अक्षर नेटकं, कामात टापटीप. त्याच्या संगतीने अ‍ॅलन सुधारला. दोघं मिळून आकाशातले तारे बघायचे, प्रयोग करायचे. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने गेला. अ‍ॅलनला तो धक्का जन्मभर पुरला. मित्राच्या आईला तो पुढे कित्येक वर्षं पत्रं लिहीत राहिला. माणूस गेल्यावर त्याचं मन कुठे जातं, मन म्हणजे शरीराचाच भाग की आणखी काही, हे प्रश्न त्याला तेव्हापासून छळू लागले. पुढे यंत्राला विचार करता येईल का हा प्रश्न त्याने इतक्या मनापासून का घेतला, याचं मूळ मला तरी इथे दिसतं.

न बांधलेलं यंत्र

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेल्यावर गाडी रुळावर आली. बाविसाव्या वर्षी, १९३५ मध्ये, ट्युरिंग तिथले फेलो झाले. (आता एकेरी सोडून अहोजाहो करायला हवं!) आणि १९३६ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध निबंध लिहिला, ज्यात एका काल्पनिक यंत्राचं वर्णन आहे. मुलांना मी ते असं सांगते. कागदाची एक न संपणारी लांब पट्टी घ्या, तिच्यावर चौकटी आखा. यंत्र एका वेळी एकाच चौकटीकडे बघतं. तिथली खूण वाचतं, हवं तर खोडून दुसरी लिहितं, आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं. पुढे काय करायचं ते नियमांच्या यादीत लिहिलेलं. बस्स, एवढंच. ट्युरिंग यांनी दाखवून दिलं की नियमाने करता येणारी कुठलीही आकडेमोड एवढ्या साध्या यंत्राला जमते. शिवाय प्रत्येक कामाला वेगळं यंत्र लागत नाही. यंत्र एकच, यादी बदलली की काम बदलतं. तुमच्या खिशातला मोबाइल कधी गणकयंत्र होतो, कधी रेडिओ, कधी बुद्धिबळाचा भिडू, त्यामागे ही कल्पना आहे.

मग अमेरिकेत प्रिन्स्टनला जाऊन १९३८ मध्ये पीएच.डी. झाली, ते परत आले आणि युद्ध पेटलं.

बुद्धिबळपटूंच्या संगतीत

४ सप्टेंबर १९३९ ला ट्युरिंग ब्लेचली पार्कमध्ये रुजू झाले. जर्मन सैन्य एनिग्मा नावाच्या यंत्रातून गुप्त संदेश पाठवत असे, ते फोडायचं काम तिथे चाले. पोलंडच्या गणितज्ञांनी आधी बरंच काम करून ठेवलं होतं. त्यावर ट्युरिंग यांनी बॉम्ब नावाचं नवं यंत्र आखलं. हे फुटणारं बॉम्ब नव्हे, तर खडखड आवाज करत एकामागून एक शक्यता तपासणारं आणि अशक्य त्या बाजूला टाकणारं कपाटाएवढं यंत्र. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात मोठी सुधारणा केली. पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये आलं.

आता इथे आपल्या विषयाचा धागा सापडतो. संदेश फोडण्यासाठी सरकारने जी माणसं गोळा केली, त्यात बुद्धिबळपटू होते. ह्यू अलेक्झांडर हे ब्रिटनचे विजेते राहिलेले. स्टुअर्ट मिल्नर-बॅरी आणि हॅरी गोलोम्बेक हेही नावाजलेले. युद्ध सुरू झालं तेव्हा ही मंडळी ब्युनोस आयर्सला ऑलिंपियाड खेळत होती, ती मायदेशी परतून ब्लेचलीत आली. १९४१ च्या ऑक्टोबरात माणसं कमी पडताहेत म्हणून थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र गेलं. त्यावर सह्या चौघांच्या : ट्युरिंग, वेल्चमन, अलेक्झांडर आणि मिल्नर-बॅरी. म्हणजे चारातले दोन बुद्धिबळपटू! चर्चिल यांनी मागितलेलं सगळं ताबडतोब द्यायला लावलं.

अशा दिग्गजांमध्ये ट्युरिंग यांचा खेळ कसा होता? सांगतात की गोलोम्बेक स्वतःचा वजीर पटावरून काढून ठेवत आणि तरीही ट्युरिंगना हरवत. एकेक मोहरा कसा चालतो ते त्यांना कळे, पण सगळे मोहरे मिळून कसे लढवायचे ते जमत नसे. त्यांनी एक नवाच खेळ काढला होता : चाल करायची आणि घराला धावत एक फेरी मारायची. तुम्ही परत येईपर्यंत समोरच्याने चाल केली नसेल, तर तुम्हाला आणखी एक चाल मिळणार. बुद्धिबळात नाही तर पळण्यात तरी जिंकू! आणि पळण्यात ते खरोखर पटाईत होते. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली होती. आपल्या शाळेत हुशार आणि खेळाडू अशा दोन वेगळ्या रांगा लावायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पण हा कच्चेपणाच उपयोगी पडला असं मला वाटतं. अलेक्झांडरसारख्या खेळाडूला चाल दिसते. ती का दिसली हे त्याला पायरीपायरीने सांगता येईलच असं नाही. ज्याला दिसत नाही त्याला मोजावं लागतं, आणि जे मोजता येतं तेच यंत्राला शिकवता येतं. पाढे चटकन पाठ होणाऱ्या मुलापेक्षा अडखळत शिकलेलं मूल कधीकधी शेजारच्याला जास्त चांगलं समजावून सांगतं, तसंच हे.

ब्लेचलीत कामाच्या रगाड्यातून वेळ मिळाला की ट्युरिंग, जॅक गुड आणि तरुण डोनाल्ड मिची यंत्राकडून बुद्धिबळ कसं खेळवता येईल यावर गप्पा मारत. युद्ध संपताच १९४५ मध्ये ट्युरिंग यांनी नव्या संगणकाचा आराखडा सरकारला दिला. त्यातसुद्धा बुद्धिबळाचा उल्लेख आहे. संगणक अजून कागदावर, आणि हे त्याच्या खेळाचा विचार करताहेत!

माणूस यंत्र झाला

१९४८ मध्ये ट्युरिंग यांनी डेव्हिड चॅम्पर्नाऊन या मित्राबरोबर बसून बुद्धिबळाचे नियम लिहिले. बुद्धिबळाचे म्हणजे घोडा अडीच घरं चालतो ते नव्हेत. कोणती चाल निवडायची याचे नियम. दोघांच्या नावांची मोड करून त्याला टुरोचॅम्प असं नाव पडलं.

त्यातली मुख्य गोष्ट चौथीच्या मुलालाही कळेल अशी आहे. प्रत्येक मोहऱ्याला किंमत द्यायची. प्यादं १, घोडा ३, उंट साडेतीन, हत्ती ५, वजीर १०. आपल्या सगळ्या शक्य चाली घ्यायच्या, त्या प्रत्येकीवर समोरच्याची सगळी उत्तरं घ्यायची. मग मारामारी चालू असेल तर पट शांत होईपर्यंत पुढे बघायचं आणि शेवटी कोणाकडे किती माल उरला ते मोजायचं. डावाच्या अगदी सुरुवातीला पांढऱ्याला २० चाली असतात आणि काळ्याला २० उत्तरं, म्हणजे एका फेरीतच ४०० शक्यता. पुढे पट मोकळा झाला की हा आकडा आणखी फुगतो.

माल सारखाच निघाला तर? तेव्हा बारीक गुण. ज्या मोहऱ्याला जितक्या घरी जाता येतं त्या संख्येचं वर्गमूळ. म्हणजे चार घरं मोकळी असतील तर २ गुण, नऊ असतील तर ३. वर्गमूळ का, हा प्रश्न मला पडला होता. मग लक्षात आलं : भुकेल्याला पहिली भाकरी जेवढी मोलाची, तेवढी पाचवी नसते. अडकून पडलेल्या मोहऱ्याला एक वाट मिळाली तर तो मोठा फायदा. दहा वाटा असलेल्याला अकरावी मिळाली तर विशेष काही नाही. एवढी साधी माणुसकीची गोष्ट त्यांनी वर्गमुळात बसवली. याशिवाय प्यादं जितकी घरं पुढे जाईल त्या प्रत्येक घराला ०.२ गुण, शह दिला तर अर्धा गुण, राजा उघड्यावर असेल तर वजाबाकी, असं बरंच काही.

हे नियम चालवायला संगणक कुठे होता? नव्हताच. चॅम्पर्नाऊन यांच्या पत्नी बुद्धिबळ नुकत्याच शिकत होत्या. त्यांच्याविरुद्ध कागदावर हिशेब करत हे नियम खेळवून पाहिले आणि नियम जिंकले. पुढे मँचेस्टर विद्यापीठात खरा संगणक आला, ट्युरिंग तिथे नोकरीला होते, पण टुरोचॅम्प त्यावर बसवायचं काम पुरं झालं नाही. त्याच संगणकावर डिट्रिख प्रिन्झ यांनी १९५१ मध्ये दोन चालींत मात कशी होते ते शोधणारी छोटी आज्ञावली चालवली. पूर्ण डाव खेळणं त्या संगणकाच्या आवाक्यात नव्हतं.

म्हणून १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच यंत्र झाले. समोर अ‍ॅलिक ग्लेनी हे मँचेस्टरमधले सहकारी. पांढरे मोहरे नियमांचे. ट्युरिंग यांनी स्वतःचं डोकं वापरायचं नाही, कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करायचा आणि हिशेबात येईल तीच चाल करायची. एका चालीला सुमारे अर्धा तास लागे असं सांगतात.

तो डाव आज उपलब्ध आहे, पटावर मांडून बघा. सातव्या चालीला यंत्र राजाच्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं दोन घरं पुढे ढकलतं, आठव्या चालीला दुसऱ्या कडेचं. नवशिकी मुलं करतात अगदी तसं! कारण नियमांना तेव्हा त्याहून बरं काही दिसत नव्हतं आणि पुढे गेलेल्या प्याद्याला गुण होते. तरी डाव बराच वेळ बरोबरीत चालला. २९ व्या चालीला यंत्राच्या वजिराने एक प्यादं खाल्लं. फुकटचा एक गुण. ग्लेनी यांनी शांतपणे आपला हत्ती त्या वजिरासमोर आणून ठेवला. वजिराच्या मागे त्याच रेषेत पांढरा राजा. वजीर हलला तर राजाला शह, म्हणून वजीर त्या रेषेतून हलू शकत नाही. हत्तीला खावं तर वजीर जातो. डाव तिथेच सोडला.

मग नियमांना हे आधी का दिसलं नाही? तर हत्तीने समोर येताना काहीही खाल्लं नव्हतं. खाणं नाही म्हणजे पट शांत, आणि पट शांत म्हणजे पुढे बघायचं नाही. नियम जिथे थांबायला सांगत होते, संकट बरोबर त्याच्या पुढच्या पावलावर उभं होतं. ट्युरिंगना ते हिशेबाबाहेर, माणूस म्हणून, दिसलं असेल का? पण चाल बदलायची परवानगी त्यांनीच स्वतःला दिलेली नव्हती.

आणखी एक गंमत. अनेक वर्षांनी हे नियम खऱ्या संगणकावर चढवून बघितले, तेव्हा त्या डावातल्या काही चाली जुळल्या नाहीत. कागदावर इतके फाटे तपासताना ट्युरिंग यांनी मध्येच काही सोडून दिले असावेत. पायऱ्या गाळायची शाळेतली सवय गेली नव्हती म्हणायची.

त्याच वर्षी

१९५२ हे वर्ष नुसतं या डावाचं नाही. जानेवारीत ट्युरिंग यांच्या घरी चोरी झाली. ते पोलिसांत गेले. चौकशीत त्यांचे एका तरुणाशी संबंध असल्याचं पुढे आलं, आणि ट्युरिंग यांनी ते लपवलं नाही. त्या वेळी इंग्लंडमध्ये पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं गुन्हा होता. ३१ मार्चला खटला उभा राहिला. तुरुंग किंवा औषधोपचार, यातून एक निवडा. त्यांनी उपचार निवडले. वर्षभर त्यांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकं भरली गेली. सरकारी गुप्त कामाची दारं बंद झाली. युद्धात त्यांनी काय केलं होतं ते गुपित असल्यामुळे बाहेर कोणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे ते बोलूनही दाखवता येत नव्हतं.

७ जून १९५४ ला सायनाइडच्या विषाने त्यांचा मृत्यू झाला. बेचाळिसावा वाढदिवस सोळा दिवसांवर होता. खाटेशेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. चौकशीचा निकाल आत्महत्या असा लागला. आईला तो कधीच पटला नाही. घरात रसायनांचे प्रयोग करताना हाताला विष लागलं असणार, असं ती शेवटपर्यंत मानत राहिली.

२००९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारतर्फे माफी मागितली. २०१३ मध्ये राणीने त्यांना माफी दिली. २०२१ पासून पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे. आपल्याकडे इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत आणलेलं ३७७ कलम होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल दिला, तेव्हापासून सज्ञान व्यक्तींचे असे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत.

हा भाग मुलांना सांगायचा का, असं काही सहकारी मला विचारतात. चौथीला मी एवढंच सांगते की ते इतरांपेक्षा वेगळे होते म्हणून त्यांना शिक्षा झाली, आणि ती चूक होती हे देशाने नंतर कबूल केलं. आठवी-नववीला सरळ सांगायला हवं. नोटेवरचं चित्र दाखवायचं आणि मधली पानं फाडून टाकायची, हे मला जमत नाही.

कास्पारोव्ह विरुद्ध ट्युरिंग

पुढचं थोडक्यात. नियम तेच राहिले असं नाही, पण मोहऱ्यांना किंमत द्यायची, शक्यता पुढेपुढे बघायच्या आणि शेवटी मोजायचं, हा गाभा तोच राहिला. वेग वाढला. डीप ब्लू सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासू शकत असे. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात पहिला डाव त्याने जिंकला, पण तो सामना कास्पारोव्हने ४-२ असा घेतला. ११ मे १९९७ ला न्यूयॉर्कमधला सहावा डाव कास्पारोव्ह अवघ्या १९ चालींत हरला. २००६ मध्ये जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक बॉनमध्ये डीप फ्रिट्झकडून ४-२ हरला. त्यात एका डावात एका चालीत होणारी मात त्याच्या नजरेतून सुटली! जगज्जेत्याच्या! आपल्या मुलाने परीक्षेत हातचा विसरला तर हे आठवावं.

२०१२ हे ट्युरिंग यांचं जन्मशताब्दी वर्ष. मँचेस्टरच्या समारंभात टुरोचॅम्पचे नियम संगणकावर बसवले होते आणि त्यांच्यासमोर खेळायला बसला होता खुद्द कास्पारोव्ह. साठ वर्षांपूर्वी ज्या नियमांना एका चालीला अर्धा तास लागत होता, ते आता क्षणात उत्तर देत होते. कास्पारोव्ह १६ चालींत जिंकला.

आमच्या वर्गात

हे सगळं वाचल्यावर मी त्या मुलाला उत्तर द्यायचं ठरवलं, पण बोलून नाही. तक्त्यावर पाच नियम लिहिले. खाता येत असेल आणि आपलं महाग मोहरं जात नसेल तर खा. आपलं मोहरं धोक्यात असेल तर हलव. शह देता येत असेल तर दे. जास्त घरं मोकळी होतील अशी चाल कर. यातलं काहीच नसेल तर एक प्यादं पुढे घे. वर्गमूळ अर्थातच गाळलं. एका मुलाला यंत्र केलं. अट एकच : स्वतःचं डोकं वापरायचं नाही, वरून खाली नियम वाचायचे आणि पहिला लागू होईल तो पाळायचा. समोर कोणीही भिडू.

पालकहो, घरी करून बघा. पट नसेल तर पुठ्ठ्यावर चौसष्ट घरं आखा, बाटल्यांची झाकणं मोहरे म्हणून चालतात. यंत्र झालेल्या मुलाची फार तगमग होते. वजीर जाणार हे त्याला दिसत असतं, हात पुढे येतो, आणि बाकीची पोरं ओरडतात की नियम वाच! आमच्याकडे एक मुलगी तर रडवेली होऊन उठली आणि म्हणाली की मला यंत्र व्हायचं नाही.

मोबाइलचा प्रश्न विचारणारा तो मुलगा तीन दिवस यंत्र झाला. तिन्ही दिवस हरला. चौथ्या दिवशी त्याने वहीचं पान फाडून माझ्या टेबलावर ठेवलं. अक्षर नेहमीसारखंच, दोनदा वाचावं लागलं. त्याने सहावा नियम लिहून आणला होता : आपला वजीर आणि राजा एका रेषेत उभे करू नयेत. ग्लेनी यांच्या डावाबद्दल मी वर्गात तोवर एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

ते पान मी तक्त्याखाली चिकटवलं. त्यावर लाल शाईने काहीही लिहिलेलं नाही.